ओढखर्च

जर्मनीला जायचा हिशेब आम्ही सांगलीच्या घरी, स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून मांडला. टेबल होतं, पण त्याच्यावर आईचे निवडायला काढलेले शेंगदाणे पसरले होते, आणि माझ्या परदेशगमनासाठी आई शेंगदाणे उचलेल हे शक्यच नव्हतं. मध्ये माझा फोन, एका बाजूला आई, एका बाजूला आप्पा, आणि माझ्या मांडीवर डोकं टाकून रेवू.

इतक्या वर्षांनी ती संध्याकाळ आठवली की मला अजून त्या घराचा वास येतो. आप्पा मार्केट यार्डात हळदीचे तोलाईदार. पोती तोलून तोलून त्यांचे शर्ट कायमचे पिवळे झालेले. ते दारात आले की कच्च्या हळदीचा तिखट, मातकट वास त्यांच्याआधी घरात शिरायचा. शाळेत असताना मला त्याची लाज वाटायची. आता कुणी तो वास बाटलीत भरून दिला तर मी अख्खा पगार मोजीन.

मी तेव्हा आयसीयूत सिस्टर होते. चारुशीला मगदूम, वय एकतीस, डोकं तापट, हे सगळ्या वॉर्डाला ठाऊक. नवरा होता, त्याच्यावर मी एवढंच वाक्य खर्च करणार आहे. रेवती सहा वर्षांची. सांगलीच्या पगारात घर चालायचं, पण आप्पांचे गुडघे बोलायला लागले होते. तिकडं जर्मनीत म्हाताऱ्या माणसांचा सुकाळ आणि नर्सेसचा दुष्काळ. माझी भाषेची परीक्षा झाली होती. बेत असा, की आधी मी एकटीनं जायचं, बस्तान बसवायचं आणि वर्षभरात रेवूला न्यायचं. मला जर्मनी बघायची हौस नव्हती. रेवूला चांगलं शिकवायचं होतं, आणि ते माझ्याजवळ ठेवून.

एजन्सीनं ‘नियोजक’ नावाचं एक ॲप दिलं होतं. पुढच्या तीन वर्षांचा जमाखर्च ते आधीच मांडून दाखवायचं. पगार, कर, विमा, घराचं डिपॉझिट, पदवी तिकडं मान्य करून घ्यायची फी, कागदपत्रांची भाषांतरं, बर्फातले बूट. मी वाचत गेले, आप्पा मान डोलवत गेले. आणि मग घरभाड्याच्या खालोखाल मोठा असा एक आकडा आला. त्याच्यापुढं लिहिलं होतं, ओढखर्च.

“हे आणि काय काढलंय नवीन?” आई म्हणाली.

मी त्याच्यावर बोट ठेवलं तर ते ॲप गोड आवाजात बोलायलाच लागलं. घरच्या ओढीपायी होणारा खर्च म्हणे. अचानक काढलेली विमानाची तिकिटं, बिनपगारी रजा, कुरिअरनं मागवलेले मसाले, आणि करार मोडून परत आल्यास भरायचा दंड. परदेशी गेलेल्या हजारो नर्सेसचे खर्च तपासून, शिवाय माझा स्वतःचा फोन चाळून त्यानं हा आकडा काढला होता. मागं मी पुण्याला ट्रेनिंगला होते तेव्हा दर शनिवारी एसटी पकडून घरी पळत आले होते. तेही त्याच्याकडं होतं. मेल्याला सगळं ठाऊक.

“बरोबर हाय की,” आप्पा हसायला लागले. “ही पहिल्या थंडीत तिकीट काढतीय बघ.”

खाली दोन रकाने होते. पहिल्यात लिहिलं होतं: मुलीला आणणे, तीन वर्षांत शक्य नाही. दुसऱ्यात: ओढशमन उपचार घेतल्यास आणि त्याबद्दलचा स्थैर्य भत्ता धरल्यास, चौदाव्या महिन्यात शक्य.

“मग घे की उपचार,” आई म्हणाली. “इंजेक्शनच असंल. तू रोज उठून लोकांना टोचतीस.”

रेवूनं मांडीवरून मान वर केली. “चौदावा महिना कधी येतो? कॅलेंडरात तर बाराच आहेत.”

आम्ही सगळे हसलो. मी पण हसले, आणि मला धसकाही बसला.

दुसऱ्या दिवशी मी ज्योत्स्नाताईंना फोन लावला. ज्योत्स्ना बाबर, आमच्या आयसीयूच्या जुन्या इनचार्ज. मला सुई धरायला त्यांनी शिकवलं, आणि डॉक्टरांना न घाबरायलाही. पेशंट दगावला की या बाई चादरींच्या खोलीत जाऊन पोटभर रडायच्या, तोंड धुवायच्या आणि पुढच्या बेडकडं वळायच्या. चार वर्षांपूर्वी त्याच एजन्सीतून, तोच उपचार घेऊन त्या जर्मनीला गेल्या होत्या. त्यांची केतकी तेव्हा सात वर्षांची. तिला सांगलीतच, विश्रामबागेत आजीकडं ठेवलं होतं, वर्षभरापुरतं.

ताईंनी माझा हिशेब अर्ध्या तासात सरळ करून दिला. “बूट इथं येऊन घे, जुन्या सामानाच्या बाजारात चांगले मिळतात. कुकर आण, तवा आणू नकोस, उगाच वजन. पहिला पगार हातात यायला दीड महिना लागतो, तेवढे पैसे वेगळे ठेव. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या फेकू नकोस गं, दुकानात परत दिल्या की पैसे देतात.”

“आणि तो उपचार, ताई? चांगला आहे?”

“घे तू. ड्युटीत लक्ष लागतं. सणावाराला जीव कासावीस होत नाही.”

“केतकीला कधी नेताय?”

“नेणार की. या वर्षी बसत नाही बघ. ती आली की मोठं घर घ्यावं लागतं, भाडं दीडपट होतं. पुढच्या वर्षी बघू.” आणि त्याच दमात म्हणाल्या, “हो, छत्री आणू नकोस. इथल्या वाऱ्यात टिकत नाही.”

केतकी आणि छत्री, दोन्ही एकाच आवाजात. मला ते खटकलं. पण बाई कामाच्या गडबडीत असतील, असं म्हणून मी सोडून दिलं.

मग पुण्याच्या केंद्रातून बोलावणं आलं. उपचाराआधी तपासणी. येताना घराची तीव्र आठवण करून देणाऱ्या पाच वस्तू आणा, असा निरोप होता. घरात नुसती धांदल उडाली. आप्पांचा शर्ट, आईच्या उशीचा अभ्रा, देवघरातलं वस्त्र, रेवूचा फ्रॉक आणि तिचं दुपटं. आईनं सगळं स्वतः भरून पिशवी माझ्या हातात दिली.

तिथला तंत्रज्ञ निषाद म्हणून एक सरळ पोरगा होता. त्यानं माझ्या डोक्याला पट्टा बांधला, नाकाशी एक नळी लावली आणि सांगायला लागला. “ताई, आपल्याला वाटतं आठवण म्हणजे दगडावरची रेघ. तसं नसतं. ती गुळाच्या ढेपेसारखी असते. आठवली की मऊ होते, काही तासांनी पुन्हा घट्ट होते. मऊ असते तेवढ्या वेळात एक औषध दिलं, तर आठवण तशीच राहते, पण तिच्यासोबत पोटात जी कळ येते ना, ती तिला परत चिकटत नाही. हे मुळात युद्धातनं आलेल्या सैनिकांच्या भीतीवर शोधलेलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की घरची ओढसुद्धा तशीच कळ आहे.”

“आणि वास कशाला?”

“वासाची वाट मेंदूत सगळ्यात जवळची. डोळे-कान फिरून जातात, नाक थेट आत.”

त्यानं एकेक वस्तू काढून नळीच्या डबीत ठेवली. पडद्यावर एक हिरवी रेघ होती. आप्पांचा शर्ट, रेघ सपाट. अभ्रा, सपाट. रेवूचा फ्रॉक, जराशी हलली आणि पुन्हा सपाट. निषादनं माझ्याकडं आदरानं बघितलं.

“ताई, अभिनंदन. तुम्हाला ओढ फार कमी आहे. असे लोक क्वचित सापडतात.”

माझं टाळकं सटकलं. “तोंड सांभाळून बोल! माझ्या लेकीची ओढ मला कमी? तुझं मशीन बिघडलंय!” आणि मी डबीतला फ्रॉक ओढून नाकाशी धरला. साबणाचा वास. नुसता कडक साबणाचा. शर्टालाही तोच. आईनं सगळं धुऊन, नीळ घालून, इस्त्री करून दिलं होतं. पुण्याच्या डॉक्टरांकडं मळके कपडे न्यायचे म्हणजे काय, माणसं काय म्हणतील! पेशंट मरणाच्या दारात असला तरी त्याला नवा टॉवेल देऊन दवाखान्यात आणणारी आमची माणसं. ओढ मोजायची म्हणून जे मोजायचं तेच धुऊन पाठवलं.

मला हसावं का रडावं कळेना. घाम पुसायला मी पर्समधून माझा रुमाल काढला. सकाळी सांगली स्टँडवर रेवूनं त्याला तोंड पुसलं होतं. भडंगाचं तिखट, खोबरेल तेल, आणि झोपेतून उठवून आणलेल्या पोराची लाळ. रुमाल नाकाशी गेला, आणि पडद्यावरची रेघ वर गेली ती खाली येईनाच. निषाद खुर्चीतून अर्धा उठला.

“बाप रे,” तो म्हणाला. “ताई, उपचाराला हाच रुमाल घेऊ या. पाच बैठकींत होईल.”

“थांब. याच्यातलं काय जाणार? सांगली जाणार की पोरगी?”

“कंपनी म्हणते, फक्त गाव.”

“तू काय म्हणतोस?”

तो जरा घुटमळला. “मशीनला गाव आणि माणूस वेगळं दिसत नाही, ताई. वास एकच असतो. पण प्रेम जात नाही हं. कर्तव्य, काळजी, आठवणी सगळं राहतं. फक्त कळ जाते.”

आता खरं सांगू? मला ते पटलं होतं. मी रोज लोकांच्या कळा घालवायचं काम करते. कळ गेली म्हणून माणूस वाईट होत नाही. आणि ती गेली की चौदाव्या महिन्यात माझी पोर माझ्याजवळ येणार होती. मी आठ दिवसांची मुदत मागितली, ती केवळ सवयीनं. फॉर्मवर सही करायची आहे असं धरूनच मी घरी आले.

आल्यावर ज्योत्स्नाताईंच्या घरी गेले. माझ्याबरोबर त्यांना काही पाठवायचं असेल तर विचारावं, म्हणून. दार केतकीनं उघडलं. अकरा वर्षांची, उंच, दोन वेण्या, हातात भूगोलाचं पुस्तक. आजी चहा ठेवायला आत गेल्या आणि मी उगाच बोलायचं म्हणून विचारलं, “आईचा फोन येतो का गं?”

“येतो ना. रोज, बरोब्बर साडेसातला. आईला सगळं आठवतं. मी पहिलीत कुठला फ्रॉक घातला होता तेसुद्धा.”

“मग छान की.”

“हो. छान आहे.” ती पुस्तकाचा कोपरा दुमडत बसली. “पहिल्यांदा ती पुण्याला गेली होती ना, त्या जर्मन भाषेच्या कोर्सला, तेव्हा आमचं फोन कुणी ठेवायचा यावरनं भांडण व्हायचं. ती म्हणायची तू ठेव, मी म्हणायचे तू ठेव. आजी ओरडायची. आता ती बोलून झालं की ठेवते.”

मी चहा अर्धाच ठेवून उठले.

आजी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “चारू, माझ्या ज्योत्स्नाचं काही म्हणजे काही चुकत नाही बघ. पैसे वेळेवर, फोन वेळेवर, वाढदिवसाला कपडे मापाचे. भांडायला जागाच ठेवली नाही गं तिनं.”

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. त्या ॲपचा हिशेब बरोबर होता. उपचार घेतला की चौदाव्या महिन्यात रेवूला आणणं परवडणार, हे खरंच होतं. ज्योत्स्नाताईंनाही तसंच सांगितलं असणार, आणि त्यांना परवडतही असणार. पण पोर आणणं हा सरळसरळ तोट्याचा व्यवहार आहे. मोठं घर, दुप्पट खर्च, ड्युट्यांची ओढाताण. नुसत्या अकलेनं बघितलं तर दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखाच. तो तोटा अंगावर घ्यायला लावते ती कळ. ती काढून टाकली की पैसे हातात येतात आणि ते ज्याच्यासाठी हवे होते तेच राहत नाही.

मी आईला सांगितलं, उपचार घेणार नाही.

आई भडकली. “आणि पोरीला कशी नेणार? ते म्हणतंय तीन वर्षं जमणार नाही!”

“म्हणू दे. मी तोट्यात नेईन.”

“शानी हायस! चार-चार बुकं शिकून हे शिकलीस?”

आप्पा पंख्याखाली बसले होते. ते फक्त एवढंच म्हणाले, “लई दिवस लावू नको म्हंजे झालं.” आणि तोंड पुसायच्या निमित्तानं टॉवेल घेऊन बाहेर गेले.

मी गेले. नियोजक खोटं बोलत नव्हता, हे मला पहिल्या हिवाळ्यातच कळलं. चार वाजता अंधार, आणि त्या अंधारात मी बस स्टॉपवर उभी राहून रडायचे. दोन मल्याळी नर्सेसबरोबर एका खोलीत राहिले. तरी जानेवारीत तिकीट काढून चार दिवसांसाठी सांगलीला धावले, आणि ॲपनं लाल भडक इशारे दिले. मेतकूट कुरिअरनं मागवलं. त्याच्या भाड्यात इथं महिन्याची भाजी आली असती. आप्पा गेले तेव्हाही मी बिनपगारी रजा घेऊन पोचले, त्यांचा हात गार व्हायच्या आत. हा सगळा ओढखर्चच. यातला एकही पैसा मला परत नको आहे.

आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, नियोजक ‘शक्य नाही’ म्हणत असताना, मी रेवूला आणलं. त्या मल्याळी पोरींकडून उसने घेतले, खाटकाच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा घेतली. शाकाहारी मगदुमांची लेक खाटकाच्या माडीवर! आईला मी खाली बेकरी आहे म्हणून सांगितलं. वर्षभर जादा ड्युट्या केल्या, रोज रात्री खिचडी. रेवूला अजून खिचडी दिसली की तिचं तोंड वाकडं होतं.

ती आली त्या वसंतात एका रविवारी ज्योत्स्नाताई आमच्याकडं आल्या. रेल्वेनं तीन तास लांब राहायच्या. रेवूला महागडे रंग आणले होते. त्या बसल्या असतानाच रेवूचं आणि माझं मोजे घालण्यावरनं कडाक्याचं वाजलं. मी ओरडले, ती ओरडली, तिनं मोजा फेकून मारला, आणि मग येऊन माझ्या पोटात डोकं खुपसून रडायला लागली. मी तिला थोपटत राहिले. ज्योत्स्नाताई आमच्याकडं बघत होत्या. मॉनिटरवरची रेघ समजत नसली की सिस्टर बघते तसं.

रेवू आत गेल्यावर त्यांनी विचारलं, “चारू, तुला हे परवडलं कसं?”

“परवडलं नाही, ताई.”

“मग आणलीस का?”

“राहवेना.”

“राहवेना,” त्या म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या, “राहवेना. मलाही राहवायचं नाही गं. विमानतळावर मी केतकीचा हात सोडत नव्हते, आईनं बोटं सोडवली. मला सगळं दिसतं. पण आत काय होत होतं ते काही केल्या हाताला लागत नाही. मी दर वर्षी हिशेब मांडते, अगदी प्रामाणिकपणे. दर वर्षी बसत नाही. माझं काही चुकतंय का?”

मला त्यांचा राग आला, त्या पुण्यातल्या मशीनचा आला, आणि त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण मिठीचा त्यांना उपयोग नव्हता. मग मला आयसीयू आठवलं. डॉक्टर फोनवरून ऑर्डर देतात, ती सिस्टरनं नीट ऐकायची, मोठ्यानं परत म्हणून दाखवायची आणि लगेच करायची. मन लागो न लागो. ही शिस्त मला याच बाईंनी लावली होती.

मी उठून उभी राहिले. “सिस्टर बाबर, ऑर्डर घ्या.”

त्या सवयीनं ताठ उभ्या राहिल्या.

“केतकीला आणायचं. याच उन्हाळ्यात. हिशेब बघायचा नाही.”

“केतकीला आणायचं,” त्या म्हणाल्या. “याच उन्हाळ्यात. हिशेब बघायचा नाही.” मग थांबल्या. “पण मला काहीच वाटणार नाही, चारू.”

“न वाटू दे. तिला वाटेल.”

त्यांनी मान हलवली. ऑर्डर लगेच करायची असते, म्हणून तिथंच फोन काढून सांगलीला लावला. “आई, केतकीच्या पासपोर्टचं बघ. तिला न्यायचंय. या उन्हाळ्यात.” आवाज सरळ, स्वच्छ. पलीकडं आजी हंबरडा फोडून रडायला लागल्या, मागं केतकी ‘काय झालं, काय झालं’ म्हणून ओरडत होती. ज्योत्स्नाताई फोन हातात धरून माझ्याकडं बघत राहिल्या. आता काय म्हणायचं असतं, असं विचारल्यासारख्या.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि त्यांच्या वाटणीचं रडून घेतलं.